दुसरा अग्नी

माझा नवरा दोनदा जळला. पहिल्यांदा त्याचं डोकं नारळाचं होतं आणि डोळे कवड्यांचे. दुसऱ्यांदा तो स्वतः होता. पहिल्या वेळी अख्खी कांजूरची चाळ रडायला लोटली होती. दुसऱ्या वेळी रडायला कोणाला वेळ नव्हता, कारण त्या दिवशी जेवणात जिलेबी होती.

हे मी रागाने सांगते आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुष्कळ बायकांना असं काही सांगताना डोळ्याला पदर लावायची सवय असते. मला नाही. माझा पदर दुसऱ्या कामाला लागला, ते पुढे येईलच.

नंदकुमार, म्हणजे माझा नंदू, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. हात असा साफ की दोन पत्रे जोडले तर जोड कुठे आहे ते बोटाने शोधावं लागायचं. म्हणून तर आखाताच्या एजंटाने त्याला पहिल्या फेरीतच उचलला. चौऱ्याऐंशी साली गेला. दोन वर्षांत परत येतो आणि बदलापूरला जागा घेतो म्हणाला. घरी मोठी माणसं आम्ही उरलो पाच. सासू कृष्णाबाई, जिला आम्ही सगळे आये म्हणतो. थोरला दीर रामचंद्र, त्याची बायको विमला, धाकटी नणंद अनुपमा, आणि मी. मूलबाळ मला नव्हतं, त्यामुळे माझा आवाज घरात तसा खालच्या पट्टीतच होता.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला बातमी आली की नंदू बांधकामावरून पडून गेला. त्यानंतर नुसती वाट बघणं. आधी तिकडच्या पोलिसांची चौकशी. मग तो नक्की कोणाचा कामगार, यावरून दोन कंत्राटदारांची भांडणं. तोवर माझा नवरा कुठल्याशा हॉस्पिटलात बर्फात. मी रोज वाण्याच्या दुकानात जाऊन विचारायची, फोन आला का म्हणून. आमच्या गल्लीत फोन तेवढा एकच होता. वाणी भला माणूस, तो मान हलवायचा आणि माझ्या हातावर काहीतरी ठेवायचा, कधी गूळ, कधी शेंगदाणे.

घरात मात्र वेगळीच घाई होती. अनुपमाचं लग्न मुलुंडला ठरलेलं. मुलगा बँकेत, घरात गॅस, सासूला मधुमेह म्हणजे ती फार टिकणार नाही, असं विमला हिशोबाने सांगायची. मुलाच्या वडिलांना सगळे भाऊ म्हणत. या भाऊंनी एकदा तारीख पुढे ढकलली आणि मग निरोप धाडला: तुमच्या घरचा माणूस अजून जळलेला नाही, त्याचं काहीही झालेलं नाही, असल्या घरातून आम्ही सून उचलणार नाही. वैशाखापर्यंत काय ते उरकून घ्या, नाहीतर आम्हाला ठाण्याची एक मुलगी सांगून आलेलीच आहे.

उरकून घ्या! पण उरकायचं कसं? माणूस समुद्रापलीकडे.

रामचंद्र भावजींनी भांडुपहून भटजी आणला. भटजी म्हणाला, सोपं आहे. ज्याचा देह सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, दिवस घालतात. समुद्रात गेलेल्या लोकांचं आपल्या कोकणात असंच करतात की नाही?

"नंदू समुद्रात गेलेला नाही," मी म्हटलं. "तो सापडलेला आहे. कुठे आहे ते माहीत आहे. नुसता यायचा आहे."

"कधी यायचा आहे?" भावजींनी विचारलं.

मी बोटांवर महिने मोजायला लागले.

"मग तू आडवी येऊ नकोस जानकी. अनूचं वय बघ जरा."

मी आयेकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "आये, पुतळा जाळा, काय वाटेल ते जाळा. पण नंदू खरा येईल तेव्हा तो आधी ह्या दारात येईल. त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचा आणि तुम्ही स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात पाणी घालायचं. एवढं कबूल करा, मग मी गप्प बसते."

आयेने छातीवर हात ठेवला. "माझ्या झिलाक मी पाणी घालतलंय," ती म्हणाली. "कोण आडवता तां मी बघतंय."

मी गप्प बसले. एवढ्यासाठीच बसले.

माघात पुतळा केला. दर्भ, पळसाची पानं, डोक्याला शेंडीवाला नारळ, डोळ्यांना दोन कवड्या. त्याला नंदूचा आकाशी बुशशर्ट घालायचा ठरला, तर विमला म्हणाली, तो चांगला आहे की, दुसरा एखादा विरलेला बघा. भावजी त्यावर विचार करत उभे राहिले! शेवटी मीच तो शर्ट चढवला, बटणं लावली. हात नसलेल्या माणसाला शर्ट घालणं फार कठीण नसतं. मग मला त्या पुतळ्यासमोर बसवून बांगड्या फोडल्या आणि गळ्यातलं काढलं. मी नारळाकडे बघत विधवा झाले.

आणि आये! आयेने त्या नारळाला मांडीवर घेतलं. शेंडीवरून हात फिरवला, तो तान्हा असल्यापासूनचं सगळं बोलली, त्याचा गोवर, त्याची पहिली चड्डी, आणि तांब्यातलं पाणी तुळशीच्या पानाने त्या नारळावर थेंब थेंब सोडत अशी रडली की जिन्यापर्यंत उभी असलेली माणसं रडली. खोटं नव्हतं ते. तिच्याजवळ जेवढं रडणं होतं तेवढं सगळं तिने त्या दिवशी खर्च केलं. मी मात्र कोरडी. बायका म्हणाल्या, बघा कशी दगड आहे ती.

खाडीकडच्या स्मशानात पुतळा जळला. नारळ फुटल्याचा आवाज झाला म्हणे. बारावं झालं, तेरावं झालं, भाऊंना निरोप गेला. वैशाखाची तारीख धरली. चाळीने सुटकेचा श्वास टाकला आणि सगळे हॉल की मांडव या चर्चेला लागले. शेवटी चाळीपुढच्या मैदानातच मांडव घालायचं ठरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी घरात देवक बसलं. पानांची डहाळी पुजून एकदा देवक बसवलं की ते उठेपर्यंत त्या घराला सुतक लागत नाही, आणि लागेल असं काही त्या घरात आणायचंही नाही. मी त्या सगळ्यापासून लांब होते. हळदीच्या वाटीला मी हात लावलेला चालत नव्हता, हळदीची भांडी घासलेली चालत होती. नळावर बसून तीच घासत होते, तेवढ्यात वाणी स्वतः धावत आला. "जानकीबाई, तुमचा फोन."

पलीकडून एक माणूस हिंदीत बोलत होता. तुमच्या मिस्टरांची बॉडी उद्या पहाटेच्या विमानाने सहारला उतरते आहे. कार्गोमधून ताब्यात घ्या. पासपोर्टात बायकोचं नाव आहे, म्हणून तुम्हीच या.

माझे हात राखेने भरलेले. रिसीव्हरला राख लागली, ती मी पदराने पुसली. मला एकदम, अगदी खरं सांगायचं तर, आनंद झाला. दुसरा शब्द नाही. नंदू येतोय, एवढंच डोक्यात होतं.

घरी येऊन मी सांगितलं. विमलाने हातातला तांदूळ तसाच सुपात सोडला. भावजींनी आधी दार लावून घेतलं. मग भटजीला बोलावलं, तो मांडवातच होता.

"पुतळ्याला अग्नी दिला म्हणजे मनुष्याला दिला," भटजी म्हणाला. "एका माणसाला दोनदा अग्नी नाही. शास्त्राने तो संपला."

"मग उद्या येतोय तो कोण?"

भटजीने टाळूवरून हात फिरवला. "ते नुसतं शरीर."

"मला तेच पाहिजे आहे," मी म्हटलं.

भावजी समजुतीच्या सुरात बोलायला लागले. त्यांचा समजुतीचा सूर मला कधीच सोसला नाही. "हे बघ, इतके महिने तिकडे राहिला, अजून एक दिवस राहिला तर काय बिघडतं? उद्या लग्न होऊ दे. परवा देवक उठलं की मी स्वतः जातो. आणि परस्पर अंधेरीलाच कुठेतरी उरकून टाकू. इथे आणायचा नाही. लोकांना काय सांगणार? तेरावं जेवून गेलेत सगळे."

"कबूल केलंत तुम्ही. उंबऱ्यात आणायचा म्हणून."

"मी नाही केलं. आयेने केलं."

मग सगळे आयेकडे वळले. ती कोपऱ्यात बसून अनुपमाच्या रुखवताचे लाडू मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "देवक बसलेला आसा घरात. माका कित्याक इचारतास?"

अनुपमा अंगभर हळद लावून आतल्या खोलीत बसली होती. तिला मी लहानपणी वेण्या घालून दिलेल्या. नंदू तिला लाडाने पाटलीणबाई म्हणायचा. ती दाराशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, तुझा तर गेलाच आहे गं. माझं तरी होऊ दे."

मला वाटतं, ती जर ओरडली असती, तर मी ऐकलं असतं.

पहाटे मी निघाले. मला कोणी अडवलं नाही, कारण मला कोणी बघतच नव्हतं. लग्नघरात विधवा कुठे गेली हे शोधायची कोणाला सवड असते? साकीनाक्याला अंबादासकडे गेले. अंबादास नंदूचा वर्कशॉपमधला दोस्त, दोघं एकाच डब्यातलं जेवायचे. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने मालकाला न विचारता वर्कशॉपचा टेम्पो काढला.

सहारच्या कार्गोत दिवस वर येईपर्यंत आम्ही खिडक्या फिरलो. ह्या साहेबाची सही, त्या डॉक्टरचा शिक्का, हा कागद इथे नाही तिथे. आमच्या पुढे एक माणूस टीव्ही सोडवायला आलेला. हमालाने त्याला आणि मला एकाच आवाजात विचारलं, "माल कुठला?" अंबादास त्याच्या अंगावर धावून गेला. मी म्हटलं, असू दे रे. नंदूची पेटी खरंच टीव्ही आणि टेपरेकॉर्डरच्या खोक्यांच्या मध्ये ठेवलेली होती, आणि तिच्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवून विसरला होता. कप मी उचलला.

लाकडी पेटीच्या आत पत्र्याची पेटी असते. लाकडाच्या फटीतून पत्र्याचा जोड दिसत होता. अंबादासने वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "कसला गचाळ जोड मारलाय वहिनी. आपल्या नंदूने बघितला असता तर शिव्या घातल्या असत्या." आणि तिथेच, त्या हमालांसमोर, तो हमसाहमशी रडला. आदल्या दिवसापासून नंदूसाठी रडलेला तो पहिला माणूस.

वाटेत साकीनाक्याला वर्कशॉपसमोर त्याने टेम्पो थांबवला. कारागीर काळे चष्मे कपाळावर सरकवून बाहेर आले, पेटीला हात लावला आणि परत आत गेले. मालकसुद्धा आला आणि टेम्पोबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. तिथून पवईच्या तलावावरून आम्ही कांजूरला आलो. अंबादासने विचारलं, "वहिनी, थेट स्मशानात नेऊ? तिकडे लग्न आहे."

"आधी घरी," मी म्हटलं.

लग्न मोडायचं माझ्या मनात नव्हतं. कोणी काहीही म्हणो. मला त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं होतं, आयेच्या हातचं पाणी त्याच्या तोंडात पडू द्यायचं होतं, आणि मग मी त्याला घेऊन जाणार होते. मागच्या बोळातून नेला असता तर मांडवाला पत्तासुद्धा लागला नसता. पण बोळात आचाऱ्याच्या चुली पेटलेल्या. टेम्पो तिकडून जाईना. म्हणून अंबादासने तो मैदानाच्या कडेला, मांडवाच्या तोंडाशीच उभा केला.

मुहूर्ताला थोडा वेळ होता. मुलुंडची मंडळी नुकतीच उतरली होती, गुलाबपाणी शिंपडणं चाललेलं. टेम्पो दिसल्याबरोबर आचाऱ्याची दोन माणसं धावत आली. "बर्फ आला रे, बर्फ आला!" शीतपेयांसाठी बर्फाच्या लाद्या यायच्या होत्या त्यांच्या. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत त्यांनी फळी खाली पाडली, ताडपत्री ओढली आणि पेटी अर्धी बाहेर काढली. मग एकाने तिचा आकार बघितला. तो तसाच मागे सरकला, आणि त्याच्या पाठीला लागून पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या पडल्या.

सनई कॅसेटवर होती, ती वाजतच राहिली. माणसं मात्र एकेक करून पेटीकडे वळली.

भाऊ पुढे आले. फेटा, कपाळाला गंध, बोटात अंगठी. "हे काय आहे?"

भावजी धोतर सावरत धावत आले. मला वाटलं, आता तरी नंदूचा थोरला भाऊ म्हणून काही बोलतील. ते म्हणाले, "पत्ता चुकलाय. पुढच्या चाळीतलं आहे कोणाचंतरी."

"मग ही तुमची भावजय कशाला बसली आहे टेम्पोत?"

भावजी इकडेतिकडे बघायला लागले आणि शेवटी त्यांनी हाक मारली, "आये!" एवढा मोठा घोडा, दोन मुलांचा बाप, पण अडला की आई.

आये मागच्या खोलीतून आली. तीही विधवाच, तिचीही जागा माझ्यासारखी मागेच होती. लोकांनी तिला वाट करून दिली. ती पेटीपाशी येऊन उभी राहिली. तिचा हात पेटीवर पडला, मी डोळ्यांनी बघितलं, आणि बोटं लाकडावरून अशी फिरली की मला वाटलं, झालं, आता ही कोसळते. मी टेम्पोतून उतरले. "आये," मी म्हटलं, "फक्त आत घ्या. पाणी घाला. मी लगेच नेते त्याला. कोणाचं काही अडवत नाही."

भाऊंनी तिला सरळ विचारलं. "कृष्णाबाई, हा तुमचा मुलगा आहे का?"

आयेने हात उचलला आणि पदराखाली घेतला.

"माझो झील माघात जळलो," ती म्हणाली. आवाज अगदी साफ, मागच्या रांगेपर्यंत जाईल असा. "तुमका सगळ्यांका म्हायत आसा. जेवान गेलास तुम्ही तेच्या नावान. ह्यो कोणाचो कोण, माका म्हायत नाय. घेवन जावा."

"आये, उघडून बघा तरी!"

"कित्याक उघडू? परक्याचा मडा कित्याक उघडू मी?"

त्या मैदानात एकही माणूस असा नव्हता की ज्याला कळलं नाही. भाऊंना कळलं, भटजीला कळलं, आचाऱ्याच्या पोरांनासुद्धा कळलं. नंदूबरोबर क्रिकेट खेळलेले लोक तिथे होते. त्याने कोणाच्या खिडकीला जाळी लावून दिलेली, कोणाची सायकल जोडून दिलेली. सगळ्यांनी त्या म्हातारीचं खोटं ऐकलं आणि सगळ्यांना ते फार सोयीचं वाटलं. भाऊंनी घड्याळ बघितलं. "चला, मुहूर्त टळतोय," ते म्हणाले. झालं. आचाऱ्याच्या त्याच दोन माणसांनी पेटी परत आत ढकलली. कोणीतरी पडलेल्या खुर्च्या उभ्या केल्या. आम्ही मैदानाच्या बाहेर वळलो तेव्हा खरा बर्फाचा टेम्पो आत शिरत होता.

मी रडले नाही.

भावजींनी अंधेरी सुचवली होती. मी अंबादासला म्हटलं, इथेच, खाडीवर. जिथे तो नारळ जळला तिथेच हा जळेल. स्मशानातल्या माणसाने मला ओळखलं. "तुमच्याकडचा मागे पुतळा आणला होता ना?" तो म्हणाला. "हा कोण?"

"त्या पुतळ्याचा माणूस," अंबादास म्हणाला.

पत्र्याची पेटी तशी जाळता येत नाही. अंबादासने टेम्पोतून छिन्नी आणि हातोडा आणला आणि तो गचाळ जोड एका बाजूने उलगडत गेला. शेवटचा भाग राहिला तेव्हा मी दोघांना लांब जायला सांगितलं आणि पत्रा मी स्वतः वाकवला. बोट कापलं. मग मी नंदूला बघितलं.

कसा होता ते मी सांगणार नाही. इथेही नाही. ते माझं आहे. त्या घरातलं माझं असं तेवढंच आहे. मी पुष्कळ वेळ बघितलं, मग माझ्या लुगड्याचा पदर फाडून त्याच्या तोंडावर घातला आणि त्या दोघांना हाक मारली. त्यांनी त्याला उचलून सरणावर ठेवलं, वर लाकडं रचली. मान आणि चेहऱ्याकडची दोन लाकडं तेवढी ठेवायची राहिली होती.

"अग्नी कोण देणार?" स्मशानवाल्याने विचारलं आणि अंबादासकडे बघितलं.

"मी," मी म्हटलं. त्याने खांदे उडवले. त्याला काय, त्याने दर्भाला अग्नी दिलेला बघितला होता.

तेवढ्यात आये आली.

खाडीकडच्या वाटेने चालत, उन्हात, अनवाणी. हातात तांब्या, वर तुळशीचं पान. पडल्या असतील लग्नाच्या अक्षता, वाढली असतील पानं. तिलाही मागच्या खोलीत कोणी शोधणार नव्हतं. तिला धाप लागली होती आणि तांब्यातलं अर्धं पाणी वाटेत सांडलं होतं. ती सरळ सरणाकडे निघाली. मी मध्ये उभी राहिले.

"एकदा तोंड दाखय गो माका," ती म्हणाली. "पाणी घालतंय नि जातंय."

"कोणाच्या तोंडात?"

ती तांब्या सावरत माझ्या बाजूने पुढे व्हायला बघत होती.

"परक्याच्या मड्याला तुम्ही कशाला पाणी घालता आये? कोण तुमचा हा?"

"जानक्या, असा करू नुको गो."

"कोण तुमचा?"

"माझो झील," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं. मघाशी कशा मोठ्याने बोललात, तशा बोला."

"माझो झील!" ती ओरडली. खाडीपर्यंत आवाज गेला असेल. "माझो नंदू! माझो झील तो, माझो झील!" अंबादासने मान फिरवली. स्मशानवाला विडी पेटवता पेटवता थांबला. म्हातारीच्या हातातला तांब्या कलला आणि तुळशीचं पान तांब्यावरून खाली पडलं. ते उचलायला ती वाकली.

ती वाकली तेवढ्यात मी ती दोन लाकडं चेहऱ्यावर ठेवली आणि अग्नी दिला.

मला कोणी क्रूर म्हणालं तर म्हणू दे. अंबादास म्हणालाच. "वहिनी, काय केलंत हे?" तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू मांडवात उतरला नव्हतास, मी उतरले होते. रॉकेल शिंपडलेली लाकडं, उन्हाळ्याचे दिवस, खाडीचा वारा. एका क्षणात धरलं. आये पुढे धावली, तिला स्मशानवाल्याने दंडाला धरून मागे ओढलं. तिने तांब्यातलं पाणी लांबूनच आगीवर फेकलं. ते पोचलंसुद्धा नाही. जमिनीवर पडलं आणि धुळीत गेलं. मग ती खाली बसली. रडण्यासाठी तिने तोंड उघडलं, पण तिला रडू येईना. माघातच संपलं होतं ते.

टेम्पो मालकाला परत द्यायचा होता, म्हणून अंबादास निघून गेला. चिता शांत होईपर्यंत आम्ही दोघी बसलो, ती त्या बाजूला, मी ह्या बाजूला. मग उठलो आणि एकत्रच निघालो. काय करणार? दोघींना घर एकच होतं. मांडवात तेव्हा पाठवणी चालली असणार. खाडीच्या वाटेवर ती दोन पावलं मागे होती. मध्येच तिने माझा दंड धरला.

"जानक्या," ती म्हणाली. "तेचा तोंड उघडा होता की मिटलेला?"

मी दंड सोडवून घेतला आणि चालत राहिले.

अनुपमा मुलुंडला सुखात आहे. भावजींनी वेगळी जागा घेतली. ते आणि विमला गेले, आयेला न्यायचं त्यांना जमलं नाही, त्यामुळे ती माझ्याकडे राहिली. मी एका कारखान्यात पाकिटं भरते, संध्याकाळी येऊन दोघींचा भात टाकते. तिला आता दिसत नाही. मी तिला न्हाऊ घालते, वेणी घालते, औषध देते. चाळीतल्या बायका म्हणतात, सून असावी तर अशी.

ती मात्र रोज विचारते. भात कालवता कालवता हात थांबतो आणि विचारते. "तोंड उघडा होता काय गो तेचा? तहानेलो दिसा होतो?" कधी विचारते, केस पिकले होते का. कधी विचारते, ओळखू येत होता का. शेवटी शेवटी एकच मागते, "नुसता हो म्हण, नाय म्हण." दोन अक्षरांत तिला सोडवता येईल, हे मला माहीत आहे. तिचं आता वय झालं, फार दिवस नाहीत, हेही मला माहीत आहे.

मी तिच्या पानात आमटी वाढते आणि म्हणते, "जेवा आये, गार होतंय."